जुन्या कॅम्पर व्हॅनला टायर घेताय? आधी गाडीचं वजन करून या

जुनी कॅम्पर व्हॅन हातात आली की पहिले दोन-तीन महिने माणूस पडदे, गाद्या, पाण्याची टाकी, छताची गळती यातच बुडालेला असतो. टायरकडे बघणं होतं ते जाता जाता, बुटाने एक लाथ मारून, आणि नक्षी शिल्लक दिसली की म्हणतो चालतंय अजून. मीही तेच केलं होतं. गाडी घेताना टायरची नक्षी इतकी खोल होती की नवीनच वाटावेत, काळेभोर, चकचकीत. दुसऱ्याच लांबच्या प्रवासात मागून थप थप थप असा आवाज यायला लागला, स्टिअरिंगला काही जाणवेना पण सीट थरथरत होती. उतरून बघितलं, हवा बरोबर, खिळा नाही, काही नाही. मग टायरवरून हात फिरवला आणि एका जागी तळहाताएवढा उंचवटा लागला. आतला स्टीलच्या तारांचा पट्टा रबरापासून सुटायला लागला होता. तारीख वाचली तर टायर बारा वर्षांचा निघाला. अजून वीस-पंचवीस किलोमीटर तसाच चालवला असता तर काय झालं असतं हा विचार आजही नकोसा वाटतो, मागच्या सीटवर मुलं झोपली होती.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. रोजच्या कारचा टायर झिजून संपतो, कॅम्परचा टायर मात्र बऱ्याचदा झिजायच्या आधीच उभ्या उभ्या म्हातारा होतो, आणि त्याच्यावर भरल्या घराचं वजन रात्रंदिवस बसलेलं असतं. तेव्हा वजन किती आणि वय किती हे दोन प्रश्न आधी, कंपनी कुठली, पांढरी पट्टी हवी का, अलॉय व्हील छान दिसतील का, हे सगळं त्याच्यानंतर.

पहिलं काम: सध्याच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचा

मोबाईलचा टॉर्च घ्या, ओलं फडकं घ्या, टायरची बाजू पुसा आणि फोटो काढून ठेवा. चारही टायरचे आणि स्टेपनीचा पण, कारण जुन्या गाडीत पाच टायर पाच प्रकारचे निघाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

समजा लिहिलंय १८५ आर १४ सी १०२/१०० क्यू. यातला १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल, आतल्या थरांच्या रचनेचा प्रकार, पुढे सांगतो. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. मध्ये ७० किंवा ६५ असा आकडा असेल तर ती टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यात, आणि जुन्या मापात तो आकडा नसेल तर साधारण ८० ते ८२ टक्के धरायची. सी हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे हा टायर कमर्शियल, माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेला आहे. मग १०२/१०० हा लोड इंडेक्स, पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा मागे जोडचाकं असतील तेव्हाचा. शेवटचं अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एन म्हणजे १४०, आर १७०, एस १८०, टी १९०. जुन्या कॅम्परला वेगाच्या अक्षराची तशी फार चिंता नसते, गाडी तिथपर्यंत पोचतच नाही, पण गाडीच्या कागदपत्रात जे लिहिलंय त्याच्या खाली जाऊ नका.

लोड इंडेक्सचा आकडा म्हणजे किलो नाही, इथे नवीन लोक हमखास फसतात. १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो. १०० म्हणजे ८००. ९५ म्हणजे ६९०. ९१, जो साध्या कारच्या टायरवर खूप दिसतो, म्हणजे ६१५. एवढे चार लक्षात ठेवले तरी दुकानात उभं राहून पटकन अंदाज येतो.

दुसरं काम: गाडी भरा आणि वजनकाट्यावर न्या

हे काम बहुतेक लोक टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे. कागदावरचं वजन हे गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हाचं. त्यानंतर कुणीतरी प्लायवूडची कपाटं केली, कुणी दुसरी बॅटरी टाकली, छतावर कॅरियर आलं, सायकलचा स्टँड आला, अवजड फ्रिज आला, आणि पाणी तर पाणीच, एक लिटरला एक किलो, पन्नास लिटरची टाकी म्हणजे जवळजवळ एक माणूस.

तेव्हा ज्या अवस्थेत तुम्ही खरंच फिरायला निघता तशी गाडी भरा. पाणी पूर्ण, इंधन पूर्ण, गॅसचा सिलिंडर, भांडी, अंथरूण, आणि माणसं आत बसलेली. मग वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं. काटेवाला ऐकणारा असेल आणि काट्याच्या बाजूची जमीन सपाट असेल तर एका बाजूची चाकं वर घेऊन डावं-उजवं पण बघा. कारण कॅम्परमध्ये ओटा, सिंक, कपाट, पाण्याची टाकी बऱ्याचदा सगळं एकाच बाजूला असतं, दुसऱ्या बाजूला सरकता दरवाजा.

आता हिशोब बघू. समजा मागच्या एक्सलचं वजन आलं १२४० किलो. सरळ भागाकार केला तर प्रत्येक टायरवर ६२०. पण डावं-उजवं मोजल्यावर कळलं की ओट्याच्या बाजूला ६७० आणि दुसऱ्या बाजूला ५७० आहे. म्हणजे ९१ चा टायर सरासरीतच नापास, आणि ९५ चा, जो ६९० घेतो, तो वीस किलोच्या फरकाने पास, म्हणजे मागे एक भरलेली पेटी ठेवली की संपलं. १०२ चा टायर मात्र ८५० वाला, तो आरामात श्वास घेतो. मी स्वतः सगळ्यात जड चाकापेक्षा निदान पंधरा-वीस टक्के जास्त क्षमता बघतो. घाट, खड्डे, ब्रेक मारताना पुढे झुकणारं वजन, उन्हात तापलेला रस्ता, हे सगळं त्या पंधरा-वीस टक्क्यांतून वजा होतं.

आणि हो, एक्सलचं वजन गाडीवर कंपनीने लावलेल्या वजनाच्या प्लेटवरच्या कमाल आकड्याच्या वर गेलं असेल तर कितीही दणकट टायर टाका, उपयोग नाही, कारण ब्रेक, बेअरिंग, स्प्रिंग तेवढ्याच ताकदीचे राहतात. तिथे सामानच कमी करावं लागेल.

तिसरं: कुठल्या जातीचा टायर

कारचा टायर आणि व्हॅनचा टायर बाहेरून सारखेच दिसतात. फरक भिंतीत असतो. सी टायरच्या भिंतीत जास्त ताकदीचं कापड असतं, रबर जाड असतं, आणि तो जास्त हवा सहन करतो. त्याच्यावर कधीकधी ६ पीआर, ८ पीआर असं लिहिलेलं असतं, पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, पूर्वी सुती कापडाचे तेवढे थर असायचे त्यावरून आलेला शब्द, आज आत खरंच आठ थर असतील असं नाही, ताकद तेवढी एवढाच अर्थ.

कारचा टायर उंच, जड व्हॅनला लावला की गाडी वळणावर आणि बाजूच्या वाऱ्यात डुलते. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी ढकलली जाते, मग ओढली जाते, आणि तुम्ही सतत स्टिअरिंग सावरत बसता. बरेच जण मग शॉक अब्सॉर्बर बदलतात, स्टिअरिंग बॉक्स घट्ट करतात, पैसे घालवतात आणि दोष असतो टायरच्या मऊ भिंतीत. वरून उष्णता वेगळीच. १४ इंची व्हॅनच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे ताशी ८० च्या वेगाने तासाला जवळपास चाळीस हजार वेळा ती भिंत रस्त्याशी दबते आणि परत सरळ होते. एक लोखंडी तार हातात धरून तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवून बघा, किती गरम होते. वजन जास्त आणि हवा कमी असली की टायरच्या आत नेमकं हेच चालू असतं, बाहेरून काही दिसत नाही.

एक्सएल किंवा रीइन्फोर्स्ड लिहिलेले टायर म्हणजे मधली पायरी, कारच्याच जातीचे पण जास्त वजन घेणारे. हलक्या, छोट्या कॅम्परला, लोड इंडेक्स बसत असेल आणि गाडीच्या कंपनीने मान्य केलेलं असेल तर चालतात. शंका असेल तर सी घ्या.

अजून एक जात आहे, सीपी. हे खास कॅम्परसाठी, मागचा एक्सल वर्षभर जवळजवळ पूर्ण भारावर उभा असतो हे धरून बनवलेले, आणि त्यात हवा खूप जास्त असते, मागे ५.५ बारपर्यंत, म्हणजे ८० पीएसआय (दोन्ही हवेचा दाब मोजायची एककं). मिशेलिनचा अजिलिस कॅम्पिंग, कॉन्टिनेन्टलचा व्हॅन्को कॅम्पर हे या जातीतले. पण हे मुख्यतः १५ आणि १६ इंची, फियाट डुकाटोसारख्या मोठ्या गाडीवर बांधलेल्या मोटरहोमसाठी. छोट्या जुन्या व्हॅनला त्यांची गरज नसते, चालताना गाडी दगडासारखी कडक होते. आणि सीपी टाकलेच तर साधा रबरी व्हॉल्व्ह बसवू देऊ नका, तो साधारण ४.५ बारपर्यंतचाच असतो, धातूचा व्हॉल्व्ह लागतो.

चौथं: माप. मूळचं माप मिळत असेल तर तेच घ्या

फोक्सवॅगनच्या टाइप २ चं उदाहरण घेतो कारण जुन्या कॅम्परमध्ये तीच जास्त दिसते. १९५० पासूनच्या स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे पुढची काच दोन तुकड्यांत असलेल्या गाड्यांना आधी १६ इंची चाकं होती, मग १५ इंची आली आणि साठच्या दशकात १४ इंची. १९६७ ते १९७९ च्या बे-विंडोला, म्हणजे पुढे एकच बाकदार काच असलेल्या गाडीला, रेडियलमध्ये १८५ आर १४ सी हे माप बसतं. १९७९ ला आलेल्या तिसऱ्या पिढीला १८५ आर १४ सी किंवा रुंद रिमवर २०५/७० आर १४. चांगली गोष्ट ही की १८५ आर १४ सी अजूनही बनतं, ब्राझीलमध्ये तर टाइप २, तिथलं नाव कॉम्बी, २०१३ पर्यंत बनत होती, आणि मालवाहू छोट्या गाड्यांना पण हे माप लागतं. म्हणजे जुनी गाडी आहे म्हणून टायर मिळणार नाही ही भीती या मापाला तरी नको.

मूळ माप मिळत नसेल किंवा १५ इंची रिम टाकायच्याच असतील तर तीन गोष्टी जुळवा: लोड इंडेक्स, बाहेरचा व्यास आणि रिमची रुंदी. व्यास काढणं सोपं आहे. रुंदी गुणिले भिंतीची टक्केवारी, त्याची दुप्पट, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा, एक इंच म्हणजे २५.४. १८५ आर १४ चा व्यास ६५० च्या आसपास येतो. २०५/६५ आर १५ सी घेतला तर ६४७, म्हणजे जवळजवळ तोच, आणि लोड इंडेक्स पण १०२ मिळतो. आता १५ इंची रिमवर सगळ्यात सहज मिळणारा कारचा १९५/६५ आर १५ बघा: व्यास ६३४, म्हणजे अडीच टक्के लहान, स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास, इंजिन थोडं जास्त फिरणार, हे एकवेळ चालेल. पण त्याचा लोड इंडेक्स बहुतेक वेळा ९१. वरचा हिशोब आठवा. गाडीवर तो दिसायला सुंदर दिसतो आणि लोक घालतात, म्हणून मुद्दाम सांगतोय, नका घालू.

मोठ्या व्यासाचा टायर टाकला तर उलटं होतं, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, चढावर गाडी आधीच दमलेली असते ती अजून दमते, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर कुठेतरी घासतो. रिकाम्या गाडीत घासत नाही, भरलेल्या गाडीत घासतो, म्हणून भरून तपासा.

रिम बदलताना बोल्टचं वर्तुळ बघा. टाइप २ मध्येच १९७० पर्यंतच्या मॉडेलला पाच बोल्ट २०५ मिलिमीटरच्या मोठ्या वर्तुळावर आणि १९७१ च्या मॉडेलपासून ११२ च्या वर्तुळावर, एकाच्या रिम दुसऱ्याला बसत नाहीत. आणि बोल्टचं बूड गोल आहे का शंकूसारखं निमुळतं, ते रिमच्या खोबणीशी जुळलंच पाहिजे. न जुळणारा बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो पण कडेवरच टेकलेला असतो आणि नंतर सैल होतो. अलॉय रिम घेताना ती किती वजन घेते ते पण त्या रिमवर किंवा तिच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेही विचारा. टायर ८५० किलोचा आणि रिम साडेपाचशेची असेल तर काय अर्थ.

क्रॉसप्लाय, रेडियल आणि ट्यूबचा गोंधळ

पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्या मूळच्या क्रॉसप्लाय टायरवर आल्या. यात कापडाचे थर तिरपे एकमेकांवर जातात, रेडियलमध्ये ते काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असतात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो. मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं, पण सगळ्या गाड्यांपर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. गाडी प्रदर्शनात अगदी कारखान्यातून आली तशी दाखवायची असेल तर क्रॉसप्लाय घ्या, नाहीतर फिरण्यासाठी रेडियलच. ब्रेक लावताना, ओल्या रस्त्यावर, रस्त्यातल्या चाकोरीतून जाताना जो फरक पडतो तो चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतो.

एका एक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीच नाही. आणि तात्पुरतं मिसळावंच लागलं तर रेडियल मागे, क्रॉसप्लाय पुढे. उलटं केलं तर मागची बाजू आधी सुटते आणि मागे इंजिन असलेल्या गाडीत ते सावरता येत नाही.

ट्यूबचं असं आहे की जुन्या काही रिमच्या आतल्या काठाला तो छोटा उंचवटा नसतो जो ट्यूबलेस टायरला जागेवर धरून ठेवतो. अशा रिमवर ट्यूबलेस टायर नुसता लावला आणि हवा कमी झाली तर वळणावर काठ आत घसरतो आणि सगळी हवा एका झटक्यात जाते. टायर काढल्यावर रिमच्या आतून बोट फिरवून बघा किंवा दुकानदाराला बघायला सांगा. उंचवटा नसेल तर एकतर नंतरच्या काळातली योग्य रिम शोधा, किंवा टायर कंपनी चालेल म्हणत असेल तर रेडियलसाठी बनवलेली, बरोबर मापाची ट्यूब टाका. आतले कागदी स्टिकर काढून टाकायला सांगा, ते ट्यूबला घासून घासून भोक पाडतात. रिम गंजून काठ खडबडीत झाला असेल तर ट्यूब हा त्याच्यावरचा इलाज समजू नका, रिम साफ करून रंगवा किंवा बदला.

वय

टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं आणि पुढे बरेच आकडे-अक्षरं असतात, त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. हे चार आकडे कित्येकदा एकाच बाजूला छापलेले असतात, आणि ती बाजू आत गेलेली असली तर गाडीखाली डोकं घालावं लागतं, घाला. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, मग नक्षी कितीही असो, तो गाडीवरून उतरवायचा.

मिशेलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसत असला तरी बदला. मी कॅम्परच्या बाबतीत त्यापेक्षा कडक आहे, सात वर्षांच्या पुढे ठेवत नाही. कारण सांगतो. टायरच्या रबरात हवेतल्या ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात, टायर फिरतो, दबतो, ताणला जातो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि एक संरक्षक थर धरतात. रोज फिरणाऱ्या गाडीत हे आपोआप होतं. आठ महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीत नीट होत नाही, रबर कोरडं पडतं आणि भिंतीवर, नक्षीच्या खाचांच्या तळाशी, केसासारख्या भेगा येतात.

त्या भेगा बघायच्या असतील तर टायर सावलीत, ओला करून पुसा आणि अंगठ्याने भिंत जोरात दाबा. दाबल्यावर रेषा उघडताना दिसतात. नखाने टोचून बघा, ताजं रबर नखाखाली दबतं आणि परत वर येतं, म्हातारं रबर प्लास्टिकसारखं लागतं. आणि चकचकीत काळ्या टायरवर विश्वास ठेवू नका, माझे टायर पण पॉलिश मारून चमकवलेले होते आणि भेगा त्याखाली झाकल्या गेल्या होत्या.

नवीन घेताना पण तारीख बघा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला टायर मिळण्याची शक्यता या जुन्या मापांमध्ये जास्त, कारण खप कमी. वर्षभराच्या आतला मागा, आणि गाडीवर चढवायच्या आधी तारीख वाचा, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. वापरलेले टायर कॅम्परला घेऊ नयेत असंच माझं स्पष्ट मत आहे, त्यावर आधी किती वजन होतं, कमी हवेत किती चालला, काही कळत नाही.

नक्षीचं थोडक्यात: बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिलिमीटर किमान लागते, पण पावसात ३ च्या खाली गेली की पाणी कापणं बरंच कमी होतं, तेव्हा तिथेच बदला. बर्फात जाणार असाल तर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेला टायर घ्या, नुसतं एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असणं म्हणजे बर्फात चाचणी झाली असं नाही. ओल्या गवतावर, चिखलात तंबू टाकायची सवय असेल तर याच चिन्हाचे ऑल-सीझन व्हॅन टायर खूप कामाला येतात. अगदी मोठ्या बटणांचे ऑफ-रोड टायर मात्र डांबरी रस्त्यावर गोंगाट करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी पडतात.

बसवायच्या दिवशी

शक्यतो चारही एकदम. दोनच परवडत असतील तर नवीन दोन मागे, गाडी पुढून ओढणारी असो वा मागून ढकलणारी. नवीन व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी. बॅलन्सिंग करून घ्या, आणि पुढच्या चाकांचं अलाइनमेंट पण, पण त्याआधी जॅकवर चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघा, जुन्या गाडीत बॉल जॉइंट किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ते सांधे) सैल असेल तर अलाइनमेंट टिकणारच नाही आणि नवा टायर एका कडेने खाल्ला जाईल.

बोल्ट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. हाताने, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला. नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्याने तो बोल्ट हलणार नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा टॉर्क तपासा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेताने चालवा, नवीन टायरच्या पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा जायला वेळ लागतो.

पांढऱ्या पट्टीची हौस असेल तर पट्टी टायरमध्येच बनवलेली असावी. रिम आणि टायरच्या मध्ये अडकवायच्या सुट्या रबरी चकत्या मिळतात, त्या फडफडून टायरची भिंत घासतात.

हवा किती

टायरच्या भिंतीवर जो प्रेशर लिहिलेला असतो, समजा १८५ आर १४ सी वर ६५ पीएसआय, तो कमाल आहे, ८५० किलो वजन घेण्यासाठीचा. रोज तेवढी हवा भरायची नसते. आणि उलट बाजूने, कारसारखी चारही चाकांत सरसकट ३२ भरली तर टायरची अर्धी ताकद वापरलीच जात नाही, कारण सी टायर वजन घेतो ते हवेच्या जोरावर.

आधी गाडीचं पुस्तक किंवा दारावरचं स्टिकर. बे-विंडोला रेडियलवर पुढे ३० आणि मागे ४० च्या आसपास हे सुरुवातीला धरायचे आकडे, मागे जास्त कारण इंजिन मागे. ही पुढची-मागची तफावत फार महत्त्वाची आहे, चारही सारखे केले की गाडी सरळ रस्त्यावर पण भरकटते. मग तुमचा वजनकाट्याचा कागद घ्या आणि टायर कंपनीच्या लोड-प्रेशर तक्त्यात त्या टायरला तेवढ्या वजनासाठी किती हवा लागते ते बघा, हे तक्ते कंपन्या मागितल्यावर देतात. दोन्हीपैकी जो आकडा जास्त, तो धरा.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना. चालून आल्यावर प्रेशर वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नका, तो वाढणारच. स्वतःचा गेज ठेवा.

उभी असताना

महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण भिंतीवरच्या कमाल आकड्याच्या आत. महिन्यातून एकदा गाडी अर्धं चाक पुढे किंवा मागे सरकवा, म्हणजे दाब एकाच जागी राहत नाही. चाकांना ऊन लागत असेल तर कापडी झाकण घाला. खाली तेल सांडलेलं नको, आणि पेट्रोलियमवर आधारलेलं पॉलिश तर अजिबातच नको, साबण-पाणी पुरेसं आहे. लांबच्या प्रवासाला निघाल्यावर पहिले दहा-पंधरा किलोमीटर थोडी धडधड जाणवून नंतर गेली तर तो उभं राहिल्याने आलेला चपटेपणा असतो. गेली नाही, किंवा वाढत चालली, तर थांबा आणि पूर्ण टायरवरून हात फिरवा, आतल्या बाजूने पण.

स्टेपनीचं शेवटी सांगतो कारण ती सगळेच विसरतात. तिसऱ्या पिढीच्या फोक्सवॅगनमध्ये ती पुढे नाकाखाली पाळण्यात असते, इतर गाड्यांत सामानाखाली किंवा मागच्या दाराला, आणि कित्येकदा ती गाडीवरच्या टायरपेक्षा दहा वर्षांनी जुनी निघते. तीही त्याच मापाची, त्याच लोड इंडेक्सची, आणि त्याच वयाच्या हिशोबातली हवी. तिच्यात मागच्या चाकाएवढी हवा भरून ठेवा, पुढे लावायची वेळ आली तर कमी करता येते, रस्त्याच्या कडेला वाढवता येत नाही. आणि एकदा घरासमोर, दिवसाउजेडी, गाडी पूर्ण भरलेली असताना, गाडीतलाच जॅक आणि गाडीतलाच पाना वापरून एक चाक काढून परत लावून बघा. माझा जॅक भरलेली गाडी उचलतच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन टनांचा बॉटल जॅक गाडीत आला.